वाटेला माणूस हवा: एका ऑफ-रोड क्लबने कार्यकर्ते कसे उभे केले

पार्श्वभूमी

हा क्लब जंगलातल्या कच्च्या वाटांवर गाड्या चालवणाऱ्यांचा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका डोंगराळ राज्यातला. क्लबचं, राज्याचं आणि जंगलाचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. सभासद तीनशेच्या आसपास. त्यात जीपवाले, डर्ट बाइकवाले आणि साइड-बाय-साइडवाले (दोघं शेजारी बसतात अशी छोटी उघडी गाडी) असे तीन गट, आणि तिन्हींचं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं. वर्गणी वेळेवर यायची. उन्हाळ्यातल्या सहलींची नावनोंदणी जाहीर झाल्या संध्याकाळीच भरायची.

त्या भागातली बहुतेक जमीन केंद्र सरकारची आहे. एकट्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे केंद्राच्या वनखात्याकडे, देशभरात सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्याच दुसऱ्या खात्याकडे त्याहून जास्त, सुमारे साडेचोवीस कोटी एकर. या जमिनीवर गाडी कुठे न्यायची याचे नियम एका दिवसात आले नाहीत. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशाने पहिल्यांदा सांगितलं, की वाटा ठरवताना माती, पाणी, झाडोरा आणि वन्यप्राणी यांचं नुकसान आणि इतर लोकांशी होणारे खटके कमीत कमी राहतील असं पाहा. २००५ च्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियमाने पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक राष्ट्रीय वनाने कोणती वाट, कोणत्या गाडीला, कोणत्या महिन्यात खुली हे ठरवून नकाशा छापायचा. नकाशावर रेघ नसेल तर वाट बंद. फाट्यावर पाटी आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

म्हणजे लढाई होते ती नकाशावर, आणि तीही वाटागणिक. क्लबातल्या बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी वाट बंद होणं म्हणजे एका सकाळी फाटक लागलेलं दिसणं. प्रत्यक्षात फाटक लागायच्या दोन-तीन वर्षं आधी कागदावर निकाल लागलेला असतो.

अडचण

फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक रेंजर कचेरीने आपल्या जिल्ह्याचा (म्हणजे वनाच्या आपल्या हद्दीतल्या भागाचा) वाहतूक आराखडा नव्याने करायला घेतला. प्राथमिक प्रस्तावात क्लबच्या नेहमीच्या वाटांपैकी बऱ्याच बंद करायच्या यादीत होत्या. क्लबात खळबळ उडाली. मासिक सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली, खुर्च्या कमी पडल्या. तावातावाने भाषणं झाली. सभेच्या शेवटी अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘मदत कोण करणार?’ हात पुष्कळ वर आले. पुढच्या आठवड्यात ज्यांना फोन गेले त्यांतल्या बहुतेकांना त्या दिवशी नेमकं काहीतरी काम निघालं होतं.

कचेरीपुढे क्लबची बाजू मांडायचं काम तोपर्यंत तीन जण ओढत होते. नोकरीतून निवृत्त झालेले अध्यक्ष, एक सर्व्हेअर आणि सचिव. सचिव शाळेत नोकरी करणाऱ्या बाई होत्या आणि क्लबचं काम रात्री जेवणं आटोपल्यावर करायच्या. सर्व्हेअरची तब्येत बरी नव्हती. लष्करच्या भाकऱ्या भाजणारे हात तेवढेच, आणि तेही थकत चाललेले.

प्राथमिक टप्प्यात क्लबने सोपा मार्ग धरला होता. एक तयार पत्र लिहून सगळ्यांना पाठवलं, खाली सही करा आणि धाडून द्या. शेकड्यांनी पत्रं गेली. कचेरीने ती सगळी मिळून एकच मुद्दा म्हणून नोंदली. यात कचेरीचा आकस नव्हता. अशा प्रक्रियेत अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. हजार जणांनी ‘आमची वाट बंद करू नका’ म्हटलं तरी ती एकच गोष्ट हजार वेळा सांगितल्यासारखं होतं. त्याउलट ‘या वाटेवरची अमुक मोरी (रस्त्याखालून पाणी जायची नळी) गाळाने बुजली आहे, म्हणून पाणी रस्त्यावरून वाहतं, ती साफ केली तर धूप थांबेल’ असं एकाने फोटोसकट लिहिलं तर कचेरीला त्याची वेगळी दखल घ्यावी लागते.

कचेरीच्या नियोजन अधिकाऱ्याने हे सचिवांना सरळ सांगितलं. तिचं म्हणणं असं, की माझ्याकडे या वाटांची माहितीच नाही. शेवटची पाहणी झाली तेव्हाचे कर्मचारी आता इथे नाहीत. अडचण गर्दी जमवण्याची नाही, प्रत्येक वाट नीट जाणणाऱ्या, ती पुन्हा जाऊन पाहणाऱ्या आणि पाहिलेलं लिहून देणाऱ्या माणसांची आहे, हे क्लबला त्या भेटीत कळलं. हातात मधला एकच उन्हाळा होता. त्यानंतर मसुदा येणार आणि त्यावर अभिप्रायाला ३० दिवस.

समोर असलेले पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत चार गोष्टी चर्चेला आल्या.

पहिली, प्रत्येक सभासदाला वर्षाला ठरावीक तास सक्तीचे करायचे. काही क्लब असं करतात. सर्व्हेअरचा याला विरोध होता आणि तो मला पटतो. सक्तीने तास भरतात. पण माणसं सोपं काम निवडून तास भरतात. सहलीत बर्गर भाजणाऱ्यांची रांग लागेल आणि चिखलात मोजपट्टी धरायला कोणी मिळणार नाही.

दुसरी, पैसे देऊन सल्लागार किंवा वकील नेमायचा. शिल्लक पाहता हे फार तर शेवटच्या टप्प्यापुरतं जमलं असतं. शिवाय वकिलालाही वाटेची माहिती कोणीतरी द्यावीच लागणार.

तिसरी, राष्ट्रीय पातळीवरच्या संघटनेला हाक मारून मोठी मोहीम उघडायची. अध्यक्षांचा कल इकडे होता. आवाज मोठा झाला की कचेरी दबते, हा त्यांचा जुना अनुभव. पण पत्रांच्या ढिगाचं काय झालं ते नुकतंच दिसलं होतं.

चौथी सचिवांची. सगळ्यांना हाक मारायचं थांबवायचं आणि एकेका माणसाला एकेक वाट मागायची. काम छोटं, शेवट ठरलेला.

मतदान झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘करून बघा, पण माझा मोहिमेचा आग्रह कायम आहे.’ एवढ्या अर्धवट होकारावर चौथा पर्याय सुरू झाला. ही अर्धवट संमती पुढे महागात पडली.

काय केलं

सचिवांनी आधी यादी केली आणि ती करायची पद्धत हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. ‘कोणाला काय येतं’ याची ती यादी नव्हती. ‘कोण कुठे पुन्हा पुन्हा जातं’ याची होती. सहलींच्या वेळी दायित्वमुक्तीच्या, म्हणजे इजा झाली तर क्लब जबाबदार नाही अशा, कागदावर सगळे सही करतात. तसे काही वर्षांचे कागद खोक्यात पडून होते. ते काढून कोणत्या वाटेवर कोणाची नावं सारखी येतात ते त्यांनी वेगळं लिहून काढलं. क्लबात सर्वांत जास्त बोलणाऱ्यांपैकी फारच थोडे त्या यादीत आले. महागड्या गाड्या आणि उंच सस्पेन्शनवाले दरवर्षी नवीन, अवघड जागा शोधत असतात. त्याच वाटेवर वर्षानुवर्षं जाणारे लोक वेगळेच निघाले. मुलांना मासेमारीला नेणारे आईबाप, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या हंगामात ठरलेल्या जागी तंबू ठोकणारे, गुडघे गेल्यामुळे तळ्यापर्यंत चालत जाऊ न शकणारे एक गृहस्थ, आणि कारखान्यातून आली तशीच गाडी चालवणारी एक निवृत्त परिचारिका.

मग फोन. ईमेल नाही, गटावर निरोप नाही. बोलणं साधारण असं असायचं:

‘तळ्याच्या वाटेवर तुम्ही दरवर्षी जाता ना? ती बंद करायच्या यादीत आहे. तिची पाहणी तुम्ही कराल का? उन्हाळ्यात दोन फेऱ्या, एक तक्ता भरायचा, आणि मसुदा आला की एक संध्याकाळ बसून अभिप्राय लिहायचा. त्यानंतर तुम्ही मोकळे.’

‘मला कायद्यातलं काही कळत नाही हो.’

‘कायद्याचं आम्ही बघू. पाणी कुठे साचतं ते तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणालात तरी राग नाही, फक्त आजच सांगा.’

शेवटच्या वाक्यामुळे वेळ वाचला. आधीच्या पद्धतीत लोक ‘बघतो’ म्हणायचे आणि महिने जायचे. आता नकार लगेच मिळायचा आणि पुढच्या नावाला फोन जायचा. ज्यांना विचारलं त्यांतले निम्म्याहून अधिक हो म्हणाले. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी जितके टिकले होते त्याच्या तुलनेत हे प्रमाण कुठल्या कुठे.

तक्ता एका पानाचा होता. वाटेचा क्रमांक, फाट्यापासूनचं अंतर, मोऱ्या आणि पाणी वळवणारे आडवे बांध चालू आहेत की बुजले, ओल्या कुरणाजवळ चाकोरी किती खोल (मोजपट्टी धरून फोटो), रस्ता सोडून कोणी बगल मारली आहे का, मुक्कामाच्या जागा, वाटेत भेटलेले इतर लोक. सर्व्हेअरने आजारपणात घरी बसून तो बनवला. शिकवणी म्हणून एका शनिवारी सगळ्यांना एकाच वाटेवर नेलं आणि तक्ता भरून घेतला. टायरमधली हवा कमी करायला थांबले तिथपासूनच लोकांनी फोटो काढायला सुरुवात केली, इतका उत्साह. पण घरी येऊन पाहिलं तर निम्म्या फोटोंत गाड्याच होत्या. पुढच्या वेळी सूचना गेली की फोटोत गाडी दिसता कामा नये.

जोड्या लावण्याचा निर्णय मध्येच घेतला गेला. पहिल्या फेरीनंतर लक्षात आलं की लोक जातात, पाहतात, पण लिहायला घाबरतात. म्हणून एक वाट जाणणारा आणि एक लिहिणारा अशी जोडी केली. लिहिणाऱ्यांत दोघी-तिघी अशा आल्या ज्यांचे नवरे सभासद होते आणि ज्यांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांतली एक नोकरीत अहवाल लिहायची. पुढे क्लबचा सगळा अभिप्राय तिने एका सूत्रात बांधला.

गुडघेवाल्या गृहस्थांकडून मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट मिळाली. ते मुक्कामाला गेले की खिशातल्या वहीत नोंद करायचे: फाटक उघडलं ती तारीख, बर्फ कुठपर्यंत, ओढ्याला पाणी किती, रस्ता कोरडा की चिखल. वर्षानुवर्षांच्या वह्या. प्रस्तावात तळ्याची वाट पूर्ण बंद करायची दोन कारणं दिली होती, वसंतात चिखलात पडणाऱ्या चाकोऱ्या आणि एल्कच्या माद्या विण्याचा काळ. एल्क साधारण मे अखेर ते जूनमध्ये वितात. वह्यांवरून दिसत होतं की वाट वाळायलाही बहुतेक वर्षी जून सरतोच. मग पूर्ण बंदीऐवजी जुलैपर्यंत बंद, पुढे खुली अशी मागणी करता आली. तुम्हाला चालता येत नाही ही गोष्ट अभिप्रायात जरूर लिहा, असं त्यांना सांगितलं गेलं. पण कचेरीच्या उत्तरात वजन पडलं ते तारखांचं.

एक वाट सोडायची का

खरा पेच ऑगस्टच्या सुमारास आला. ओल्या कुरणातून जाणाऱ्या एका वाटेची पाहणी परिचारिका आणि तिच्या जोडीदाराने केली. त्यांचा तक्ता प्रामाणिक होता. चाकोऱ्या गुडघाभर, लोक बगल मारत मारत कुरणात तीन-चार समांतर रस्ते पडलेले, ओढ्यात गाळ. दुरुस्ती करायची तर वाट उचलून दुसरीकडूनच न्यावी लागेल. परिचारिकेने खाली लिहिलं होतं, ‘ही वाट मला आवडते, पण ती तिथे नको.’

कार्यकारिणीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, एक सोडली की उद्या दहा मागतील. दुसऱ्याचं म्हणणं, कचेरीकडे या कुरणाचे फोटो आहेतच. आपण ही वाट राखा म्हणालो तर आपल्या बाकीच्या तक्त्यांवरही विश्वास बसणार नाही. निसर्गसंरक्षणवाल्या गटांनी न्यायालयात जिंकलेले खटलेही चर्चेत आले. १९७२ च्या आदेशातल्या कसोट्या वाटागणिक लावल्या नाहीत म्हणून संघीय न्यायालयांनी आराखडे परत पाठवलेले आहेत. म्हणजे कचेरीने क्लबच्या दबावाला मान देऊन ही वाट ठेवली असती तरी ती न्यायालयात टिकेलच असं नव्हतं.

क्लबने ती वाट सोडायचं ठरवलं आणि पर्यायी वळणाचा आराखडा जोडला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. घेण्याची रीत चुकली. कार्यकारिणीने एका रात्री ठरवलं आणि कार्यकर्त्यांना ते अभिप्राय धाडल्यावर कळलं. डर्ट बाइकवाल्या गटातले काही चिडून निघून गेले. मोहिमेच्या बाजूचे अध्यक्ष आधीच नाराज होते. त्यांनी महिन्याभरात राजीनामा दिला. या पद्धतीला त्यांचा पूर्ण होकार कधीच नव्हता, आणि ताण आल्यावर ते उघडं पडलं.

निकाल

अंतिम निर्णयात तळ्याची वाट हंगामी बंदीसह राहिली. पाहणी झालेल्या वाटांपैकी बहुतेक, काही अटींसह, नकाशावर राहिल्या. दोन वाटा ५० इंचांपर्यंत रुंद गाड्यांपुरत्याच उरल्या, म्हणजे जीपवाल्यांच्या हातून गेल्या आणि बाइकवाल्यांकडे राहिल्या. कुरणातली वाट बंद झाली. वळणाचा विचार नंतर करू, असं उत्तर आलं.

आणखी एक वाट बंद झाली, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिच्यासाठी हो म्हणालेला माणूस जुलैत नोकरी बदलून गेला आणि बदली कोणी नेमलं नाही. तक्ता कोरा राहिला. कचेरीच्या उत्तरात त्या वाटेसमोर लिहिलं होतं की हिच्या वापराबद्दल विशेष माहिती मिळाली नाही.

माणसांचं म्हणाल तर हो म्हटलेल्यांपैकी सुमारे निम्मे आराखडा संपल्यावरही राहिले. ‘त्यानंतर तुम्ही मोकळे’ हा शब्द सचिवांनी पाळला. कोणालाही आपोआप पुढच्या कामात ओढलं नाही, परत फोन करून विचारलं. राहिलेल्यांनी आपापल्या वाटेची देखभाल घेतली. त्यांचे तास पुढे दुसऱ्या कारणासाठीही कामी आले. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम या वाटांच्या कामाला अनुदान देणाऱ्या १९९१ पासूनच्या केंद्रीय योजनेत अर्जदाराने उचलायच्या हिश्श्यात स्वयंसेवकांच्या श्रमाची किंमत धरता येते. ती धरायला तासांची सहीनिशी नोंद लागते, आणि तक्त्यांमुळे लोकांना नोंदीची सवय लागलेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

कोणती वाट सोडायची वेळ येऊ शकते, हे बोलणं कामाला लागण्याआधी व्हायला हवं होतं. एखाद्याला ‘ही वाट तुमची’ म्हणून सोपवलं की त्याचा जीव तिच्यात गुंततो, तोच तर या पद्धतीचा जोर. पण मग तीच वाट सोडायचा निर्णय त्याच्या पाठीमागे घेतला तर तो दगा वाटणारच. कोणत्या अवस्थेत क्लब वाट राखायचा आग्रह धरणार नाही, याच्या दोन-तीन ओळी पहिल्या शनिवारी वाचून दाखवल्या असत्या तर काही जण तेव्हाच गेले असते. बाकीचे नंतर चिडून गेले नसते.

दुसरी गोष्ट जास्त तांत्रिक आहे आणि म्हणूनच सुटली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मसुदा निर्णयावर हरकत घ्यायचा हक्क ज्याने आधी मुदतीत, नेमका, लेखी अभिप्राय दिला त्यालाच होता. बहुतेक कार्यकर्त्यांनी माहिती क्लबला दिली आणि अभिप्राय क्लबच्या नावाने गेला. क्लबने कुरणातल्या वाटेबद्दल हरकत घ्यायची नाही असं ठरवल्यावर बाइकवाल्यांतल्या एकाला स्वतः हरकत घ्यायची होती. त्याला ती घेता आली नाही. क्लबला त्याची हरकत नको होती हे खरं; पण त्याचा हक्क नकळत गेला, हे बरं झालं नाही. प्रत्येकाने आपापल्या नावाने एक पान वेगळं धाडावं, एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती.

तिसरी, सुरक्षेची. देखभाल सुरू झाली तेव्हा उत्साहाच्या भरात दोघांनी पडलेलं झाड घरच्या चेनसॉने कापलं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर स्वयंसेवक म्हणून काम करताना कचेरीशी करार झालेला असेल तर इजा झाल्यास भरपाईच्या बाबतीत माणूस केंद्रीय कर्मचाऱ्यासारखा धरला जातो. करार नसेल तर तो उघड्यावर. चेनसॉ चालवायला तर करारावर भागत नाही, वेगळं प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं. नशिबाने काही झालं नाही. करार नंतर झाला. तो पहिल्या पाहणीआधी व्हायला हवा होता.

काही सभासदांना अशीही धास्ती होती की अभिप्राय लिहिणं म्हणजे राजकारण, त्याने क्लबची करसवलत जाईल. सरकारी कचेरीच्या आराखड्यावर अभिप्राय देणं हे करकायद्यात कायदेमंडळापुढच्या लॉबिंगमध्ये मोडत नाही. हे कोणी समजावलं नाही म्हणून निदान तीन-चार चांगली माणसं बाहेर राहिली.

आणि सचिव. सगळे फोन त्यांचे, यादी त्यांच्या लॅपटॉपवर, कोणाशी काय बोलणं झालं ते त्यांच्या डोक्यात. आराखडा संपल्यावर त्यांनी वर्षभराची सुट्टी मागितली आणि ती त्यांना द्यायलाच हवी होती. मग नवीन सचिवाने पहिल्याच सभेत पुन्हा तोच प्रश्न सगळ्यांना विचारला, मदत कोण करणार. येरे माझ्या मागल्या! तेव्हा परिचारिकेने उठून त्याला थांबवलं आणि सह्यांच्या कागदांचं खोकं कुठल्या कपाटात आहे ते सांगितलं. आता शेजारच्या जिल्ह्याच्या आराखड्याचं काम निघालं आहे आणि तिथल्या वाटांची यादी ती करते आहे.